सांगितले की जमत नाही, आपणहून जमते



या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल कार्यकारिणीची मी मनापासून आभारी आहे. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, म्हणून आज आपण इथे जमू शकलो. त्यांना वंदन करते.

अध्यक्षाने आपल्या क्षेत्रातील प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात बरेच काही घडले आहे. हात हलवून देणारी यंत्रे आली, आरसा समोर ठेवून करायचे व्यायाम रूढ झाले, मेंदूच्या प्रतिमांवरून सुधारणेचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांवर काल आणि आज उत्तम निबंध वाचले गेले, त्यामुळे मी उजळणी करत नाही. हे व्यासपीठ पुन्हा मिळेलच असे नाही, आणि एक गोष्ट मी बरीच वर्षे मनात धरून आहे. ती आज बोलते.

आपल्या केसपेपरवर एक वाक्य फार सहजपणे लिहिले जाते: पेशंट सहकार्य करत नाही. माझे म्हणणे असे की, पक्षाघाताच्या ज्या रुग्णांबद्दल हे वाक्य लिहिले जाते, त्यांतल्या पुष्कळांना अ‍ॅप्रॅक्सिया असतो. तो आपण तपासत नाही, आणि त्याची शिक्षा रुग्ण भोगतो.

तपासणी कशी होते, हे आपण सगळे जाणतो. उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणे कमी झालेले. डाव्या हाताची ताकद पाहिली, पाचपैकी पाच. बोट टोचले, कळते. म्हणजे डावा हात उत्तम, अशी नोंद झाली. मग नर्स त्या हातात कंगवा देते आणि म्हणते, ‘आजोबा, केस विंचरा बघू.’ आजोबा कंगवा उलटा धरतात, गालावरून फिरवतात, थांबतात, कंगव्याकडे बघतात. कंगवा कशासाठी असतो हे त्यांना ठाऊक आहे. समोर कंगवा, चमचा आणि किल्ली ठेवून ‘केसांसाठी यातलं काय?’ विचारा, बरोबर बोट ठेवतील. फक्त त्या कामाची हालचाल मेंदूला जुळवता येत नाही. यालाच अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. आयुष्यभर शिकलेल्या हालचालींचे आराखडे बहुतेक माणसांत डाव्या मेंदूच्या आधाराने चालतात. पॅरायटल लोबचा खालचा भाग आणि तिथून पुढे फ्रंटल लोबकडे जाणाऱ्या जोडण्या त्यात महत्त्वाच्या. तिथे इजा झाली की उजवा हात लुळा पडला नसला तरी चुकतो, आणि धडधाकट डावा हातही चुकतो.

हे मी नवीन सांगत नाही. बर्लिनमध्ये ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली एका सरकारी अधिकाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्या गृहस्थांना स्मृतिभ्रंश झाला आहे, असेच आधी ठरवले गेले होते. काहीही करायला सांगा, ते उजव्या हाताने भलतेच काही करायचे. लीपमान यांनी त्यांचा उजवा हात धरून ठेवला आणि डाव्या हाताने करायला लावले, तेव्हा तीच कामे नीट झाली. माणसाला कळत होते. चूक एका हाताकडे जाणाऱ्या आराखड्यात होती. पुढे १९०५ साली त्यांनी उजवा अर्धांगवायू झालेल्या रुग्णांचा डावा हात तपासला, तर सुमारे निम्म्या रुग्णांचा तो हात चुकत होता. डावा अर्धांगवायू झालेल्यांत मात्र असे आढळले नाही. म्हणजे अ‍ॅप्रॅक्सियाचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी ‘वेडा’ ठरवलेल्या शहाण्या माणसापासून. सव्वाशे वर्षे झाली, आणि आपल्या वॉर्डांत त्या अधिकाऱ्याचे भाऊबंद अजून तसेच पडून आहेत.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते: ‘अहो, तो डावा हात आहे. आयुष्यात कधी वापरला नाही, चुकणारच.’ आपल्याकडे हे उत्तर फार पटते, कारण डाव्या हाताने जेवायचे नाही, प्रसाद घ्यायचा नाही, कुणाला काही द्यायचे नाही, हे आपण दुधाच्या दातांपासून शिकतो. कितीतरी ज्येष्ठ रुग्ण डाव्या हाताने घास घेण्यापेक्षा सुनेकडून भरवून घेणे पसंत करतात, त्यामुळे जेवताना तो हात पाहायची संधीच मिळत नाही. पण डाव्या हाताने विंचरून पाहा. भांग वाकडा पडेल, वेळ लागेल, पण कंगवा डोक्यावरच जाईल. अवघडलेपण वेगळे आणि चूक वेगळी. हा फरक ओळखायला महागडे यंत्र लागत नाही, पाच मिनिटे पुरतात.

आता सकाळच्या परिसंवादाकडे वळते. तिथे जुनाच मुद्दा मांडला गेला की, अ‍ॅप्रॅक्सिया हा तपासणीच्या टेबलावर दिसणारा प्रकार आहे, घरी गेल्यावर माणूस ठीक असतो. हा समज पाठ्यपुस्तकांतून आला, आणि त्याला आधार नाही असेही नाही. ‘जीभ बाहेर काढा’ म्हटले तर रुग्णाला जमत नाही, पण ओठाला लागलेले श्रीखंड तो सहज चाटतो. ‘फुंकर मारा’ म्हटले तर नुसता आ वासतो, बशीतला गरम चहा मात्र फुंकून पितो. ‘नमस्कार करा’ म्हटले की हात हवेत चाचपडतो. दारात पाहुणा आला की तोच हात कपाळाशी जातो. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येत. त्यांना अ‍ॅप्रॅक्सिया वाणीचा होता. ‘पाणी’ हा शब्द माझ्यामागून म्हणताना त्यांना घाम फुटे, दरवेळी वेगळाच आवाज निघे. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की ते पूर्ण रामरक्षा म्हणत.

हे सगळे खरे. पण यावरून ‘घरी ठीक’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी माझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात यावे. वाईजवळच्या एका गावात मी घरभेटीला गेले होते. आजींना डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, उजव्या हातात थोडी ताकद परतली होती, चालत्याफिरत्या होत्या. सून दारातच म्हणाली, ‘बाई, या मुद्दाम करतात. सांगितलं की करायचं नाही. मनात आलं की आपोआप करतात. पोरं आली की डोक्यावरनं हात फिरवतात, आणि मी म्हटलं कपडे घाला, तर हुकाशी खेळत बसतात.’ मी आजींना म्हटले, मला चहा कराल का? त्यांनी भांडे घेतले, पाणी ओतले, इथवर छान. मग गॅसची कळ फिरवली आणि लायटर शेगडीपासून वीतभर लांब, स्वतःकडे तोंड करून दाबू लागल्या. गॅसचा वास सुटला. सुनेने धावत येऊन कळ बंद केली. साखर गाळणीत गेली, चहाची पूड कपात. आजींच्या डोळ्यांतून पाणी येत होते. आपले चुकते आहे, हे त्यांना दिसत होते.

चाचणीच्या टेबलावर लायटर नसतो, उघडी कळ नसते. एका वस्तूचे एक काम कदाचित निभावून जाईल, पण स्वयंपाक, आंघोळ, नेसणे ही पायरीपायरीची कामे आहेत आणि तिथे अ‍ॅप्रॅक्सिया माणसाला उघडे पाडतो. त्या दिवसापासून माझ्यापुरता हा वाद मिटला आहे. त्या सुनेला मी अर्धा तास समजावले. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, ‘हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतकं बोलले नसते हो.’ ज्या मोठ्या रुग्णालयातून आजी घरी आल्या, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर या त्रासाबद्दल अक्षर नव्हते. असहकार्याची नोंद मात्र होती.

दुसरा वाद उपचारांचा. एखादे काम शिकवले की त्याचा फायदा इतर कामांत होतो का? गेऑर्ग गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९९८ साली दाखवले की, रोजची कामे हाताला हात लावून, चूक होऊ न देता शिकवली तर ती सुधारतात. पण न शिकवलेल्या कामांना फायदा होत नाही, आणि घरी सराव राहिला नाही तर शिकलेलेही जाते. डच सहकाऱ्यांचा भर पायऱ्या बोलून, चित्रांच्या आधाराने त्रुटी भरून काढण्यावर आहे. माझा अनुभव गोल्डनबर्ग यांच्या बाजूचा आहे. कोल्हापूरकडच्या एका शेतकऱ्याला आम्ही शर्टाची बटणे लावायला शिकवली, ती तो सफाईने लावू लागला. घरी गेल्यावर त्याला घालायची होती बंडी. तिच्या गाठी त्याला बांधता येईनात. कोणते काम शिकवायचे, हे आधी त्या घराला विचारले पाहिजे. पोळपाट-लाटणे असेल, कुलूप-किल्ली असेल, देवाची समई असेल. आयात केलेल्या चाचणीतला हातोडा ज्याने कधी धरला नाही, त्याच्याकडून तो मारून दाखवण्याची अपेक्षा मला मान्य नाही.

वाणीच्या अ‍ॅप्रॅक्सियाची जागा मेंदूत नेमकी कोणती, यावरही इथे बरीच चर्चा झाली. १९९६ साली नीना ड्रॉन्कर्स यांनी इन्सुलाकडे बोट दाखवले. २००४ साली आर्गी हिलिस यांनी ते खोडून लक्ष ब्रोकाच्या भागाकडे वळवले. अभ्यासकांनी हा वाद जरूर चालवावा. पण जागा सापडेपर्यंत रुग्ण थांबणार नाही, आणि त्याला हट्टी म्हणणे आपण आजही थांबवू शकतो.

हट्टी म्हणण्यावरून मुलांकडे येते. ज्या मुलाला लहानपणापासून वाणीचा अ‍ॅप्रॅक्सिया आहे, त्याच्या तोंडून एखादा शब्द एकदा स्पष्ट निघतो आणि पुन्हा मागितला की निघत नाही. त्याच शब्दात दरवेळी वेगळी चूक, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळ, स्वराघात चुकलेला, या खुणा अमेरिकेतील स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २००७ साली नमूद केल्या आहेत. आपल्याकडे त्या आईला ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकावे लागते, आणि शाळेत मुलाला ‘काल म्हटलंस ना, मग आज का नाही?’ म्हणून उभे केले जाते. एकदा जमलेली गोष्ट मागितल्यावर न जमणे हाच या विकाराचा गाभा आहे. आणि नेमका तोच पुरावा म्हणून आपण मुलाविरुद्ध वापरतो.

कायद्याचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आला, ही समाधानाची बाब. पक्षाघातानंतरच्या अ‍ॅप्रॅक्सियाचे नाव मात्र त्या यादीत नाही. ज्याच्या हाताची ताकद पाचपैकी पाच आहे आणि ज्याला त्या हाताने दाराची कडीही काढता येत नाही, त्या माणसाने प्रमाणपत्रासाठी कोणत्या रकान्यात उभे राहायचे?

पुढच्या कामाबद्दल थोडक्यात. आपल्या घरांतल्या वस्तू आणि आपल्या खाणाखुणा घेऊन मराठी रुग्णांसाठी एक छोटी चाचणी तयार व्हावी. विदर्भ, मराठवाडा, कोकण, गोवा इथल्या सहकाऱ्यांनी त्यात भर घालावी. नातेवाइकांसाठी एक साधी पुस्तिका निघावी. कायद्यातील उणिवेबद्दल शासनाला निवेदन द्यावे. यासाठी नव्या कार्यकारिणीने एक समिती नेमावी, तिचा तपशील यथावकाश ठरेल.

पण समितीची वाट न पाहता उद्या सकाळपासून होण्यासारखे एक काम आहे. डाव्या मेंदूचा झटका आलेला प्रत्येक रुग्ण घरी जाण्यापूर्वी त्याच्या डाव्या हातात कंगवा, चमचा आणि किल्ली द्या. सांगून करवून घ्या, दाखवून करवून घ्या, आणि वस्तू हातात देऊन करवून घ्या. चूक दिसली तर डिस्चार्ज कार्डावर अ‍ॅप्रॅक्सिया असे ठळक लिहा आणि जो नातेवाईक रुग्णाला घरी नेणार आहे, त्याला समोर बसवून सांगा: हे मुद्दाम नाही, हे वेड नाही, आणि गॅसजवळ यांना एकटे सोडू नका. ही तपासणी केल्याशिवाय ‘पेशंट सहकार्य करत नाही’ हे वाक्य कुणाच्याही केसपेपरवर लिहू नका. एवढी एकच विनंती करते आणि थांबते.