गांवाची वेस

सरकारी दप्तरांत गांव म्हणजे एक नांव आणि कांहीं आंकडे. वाटसरूनें गांवकऱ्याला विचारलें, तर तो गांवाची ओळख खुणांनीं करून देतो: वेशीवरचा मारुती, देवळापुढचा पार, शिवेवरची म्हसोबाची शिळा. या खुणांचें मोल काय, याचा विचार शहरांतील लोकांनींही करण्याजोगा आहे.

वेस मुळांत संरक्षणासाठीं. दोन बाजूंस बुरूज, मधें कमान आणि रात्रीं बंद होणारा दरवाजा. गांवकूस आतां बहुतेक ठिकाणीं पडलें. पण वेशीचें महत्त्व सरलें नाहीं. पोळ्याच्या दिवशीं बैल वेशीपाशीं जमतात, आणि तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार हें मानावरून ठरतें. त्यावरून तंटेही झाले आहेत. याच वेशीचें दुसरें रूपही विसरतां येत नाहीं. वेस राखणारा वेसकर स्वतः गांवकुसाबाहेर राहत असे. ज्या कमानीनें गांवाला आपलेपण दिलें, तिनेंच कांहीं माणसांना परकें ठरविलें.

देवळाच्या आवारांत पुष्कळदां एखादा झिजलेला वीरगळ उभा असतो. खालच्या कप्प्यांत लढाई आणि पडलेला वीर, कित्येकदां शेजारीं गुरेंही. मधल्या कप्प्यांत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. नांव बहुधा कोरलेलें नसतें. तरी गांव त्याला शेंदूर लावतें. तो कोण होता हें लोक विसरले. आपल्यासाठीं पडला हें विसरले नाहींत. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे येथें पहिल्या महायुद्धांत कामीं आलेल्या गांवकऱ्यांचें स्मारक आहे; तेंही याच परंपरेंतलें.

अशी खूण हरपली म्हणजे काय होतें, हें इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथें दिसतें. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि जुनें गांव जलाशयाखालीं गेलें. लोक वर येऊन वसले. नव्या वस्तीनें नांव जुनेंच ठेविलें. पळसनाथाचें प्राचीन देऊळ मात्र पाण्यांत राहिलें. ज्या उन्हाळ्यांत पाणी फार ओसरतें, त्या वर्षीं तें उघडें पडतें, आणि माणसें चिखल तुडवीत तेथवर जातात.

नुकसानभरपाईचा हिशेब घरांचा होतो, जमिनीचा होतो. ज्या पारावर वडीलधारीं माणसें बसलीं, ज्या वेशींतून लेकी सासरीं गेल्या, त्यांना दर नसतो. म्हणून धरणासाठीं वा रस्त्यासाठीं एखादें गांव हलवावयाचें झाल्यास नव्या वस्तीच्या नकाशांत पाराची आणि वेशीची जागा आधीं आंखावी, आणि ती कोठें असावी हें गांवकऱ्यांनाच विचारावें. मात्र नव्या वेशीच्या आंत सर्वांचीं घरें असावींत. बाहेर कोणाचेंही नसावें.