काळ्या विणीचं बॉनेट



आमच्या गटाने हायवेलगत गाड्या धुण्याचं सेंटर टाकलं, तेव्हा पोटात एकच गोळा होता. कुणाची महागडी गाडी आपल्या हातून बिघडली तर भरपाई कुठून द्यायची? गटाची बचत एका फटक्यात गेली असती. आणि ती वेळ आलीच. एका गाडीचं बॉनेट काळं, चटईसारख्या विणीचं. आमच्यातली एक म्हणाली, सुकी धूळच आहे, फडक्याने पुसून घेते. फडकं फिरलं आणि उन्हात बारीक गोल ओरखडे चमकायला लागले. गाडीवाले दादा भले होते म्हणून पॉलिशवर भागलं.

ते होतं कार्बन फायबर. आपण स्कूटीच्या बॉडीलाही ‘फायबर’ म्हणतो, पण ते साधं प्लास्टिक. कार्बन फायबर म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक अशा कार्बनच्या धाग्यांचं कापड. गोधडीसारखे त्याचे थर एकावर एक ठेवतात आणि रेझिनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या डिंकात, घट्ट बसवतात. वजनाला हलकं, ताकदीला भारी. १९८१ साली मॅकलॅरेनने शर्यतीच्या गाडीचा सांगाडा याचा केला. आपल्या तेजस विमानातही ते वापरलंय.

याला गंज चढत नाही, म्हणून लोक बिनधास्त राहतात. पण ऊन त्या रेझिनला खातं. वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो झिजला की बॉनेट पिवळट पडतं, धुरकट दिसतं. म्हणून गाडी सावलीत उभी करायची, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचं. ज्याला परवडतं तो पारदर्शक फिल्म लावतो. खडीच्या रस्त्यावर तिचा फार उपयोग होतो.

धुताना आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एक शाम्पूची, एक कापड खळबळून घ्यायची. कपड्याची पावडर नको, भांड्याची घासणी तर हातातही धरू नका! मायक्रोफायबरचं मऊ कापड सरळ रेषेत फिरवायचं. पत्रा तापलेला असेल तर आधी गार होऊ द्यायचा, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. पक्ष्याची विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं थोडा वेळ ठेवा, आपोआप सुटते.

प्रेशरची गन लांबून धरा. कडेला तडा असेल तर पाण्याचा जोर आतले थर उचकटतो. आणि खरं सांगू, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘कार्बन’ गाड्यांवर नुसतं स्टिकर असतं. त्याच्या कडेवर गन मारली की ते सोलून येतं आणि भांडण आपल्या गळ्यात.

लोखंडी पत्र्याला पोचा येतो, तो ठोकून काढता येतो. कार्बन फायबरला पोचा येत नाही, ते तडकतं. कधी वरून काहीच दिसत नाही, पण आत थर सुटलेले असतात. बोटाच्या टोकाने हळूच वाजवून बघा. मडकं घेताना आपण वाजवतो तसंच. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. असं आढळलं तर मालकाला सांगायचं, आपण हात घालायचा नाही. तिथे पॉलिश पेपरने घासायलाही जाऊ नका. त्याची भुकटी कातडीला खाजते आणि श्वासाबरोबर आत जाणं वाईट.

आता आम्ही गाडी धुवायला घेण्याआधी मालकाला बरोबर घेऊन एक फेरी मारतो. आधीचे ओरखडे, तडे वहीत लिहितो, मोबाइलवर फोटो काढतो, मालकाची सही घेतो. पहिल्यांदा सही मागताना आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. आता मालकच विचारतात, “ताई, वही कुठंय?”