शाळेच्या संगणकाची हार्ड डिस्क बदलताना



शाळेच्या दप्तरात सामान्य नोंदवहीस जे स्थान आहे, तेच आता संगणकातील हार्ड डिस्कला येऊ लागले आहे. निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, दाखल्यांचे नमुने, मुलांच्या हस्तलिखिताचे अंक हे सारे तिच्यात साठत जाते आणि एके दिवशी जागा संपल्याची सूचना पडद्यावर उमटते. अशा वेळी १२० जीबीची डिस्क काढून ५०० जीबीची बसवावी, असा विचार साहजिकच पुढे येतो. विचार योग्य आहे. मात्र ते काम कपाट बदलण्याइतके सरळ समजू नये.

एका कपाटातील वह्या दुसऱ्यात ठेवल्या की काम संपते. ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो, तिचे तसे नाही. बटण दाबताच संगणकातील मूळ प्रोग्राम डिस्कच्या एका ठरावीक भागाचा शोध घेतो आणि तेथून विंडोज किंवा उबुंटू चालू होते. हा भाग नेहमीच्या फायलींच्या यादीत दिसत नाही. म्हणूनच सर्व फायली नव्या डिस्कवर उतरविल्या, तरी तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. त्यासाठी संपूर्ण डिस्कचीच हुबेहूब नक्कल करावी लागते. तीस क्लोनिंग म्हणतात. क्लोनझिला हा विनामूल्य प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालतो व हे काम करतो. नव्याने विंडोज घालण्याचा मार्गही आहे. पण त्यात जुने मराठी फॉन्ट राहून जातात आणि वर्षानुवर्षांची पत्रे उघडताच मराठीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसू लागतात.

सर्वांत मोठा धोका एका क्षणाचा आहे. नक्कल कोणत्या डिस्कची घ्यावयाची व कोणत्या डिस्कवर उतरवावयाची, हे प्रोग्राम विचारतो. उत्तरांची उलटापालट झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि शाळेचे दप्तर पुसले जाते. यास्तव डिस्कचा आकार व बनावट दोघांनी मिळून वाचावी, एकाने मोठ्याने व दुसऱ्याने कागदाशी ताडून. महत्त्वाच्या फायली त्यापूर्वीच तिसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या असाव्यात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की आधीच लिहून घ्यावी. काम चालू असता वीज गेली, तर घाबरण्याचे कारण नाही. जुन्या डिस्कवरून केवळ वाचन होत असते. नवी मात्र अपुरी राहते व नक्कल पुन्हा प्रारंभापासून घ्यावी लागते.

नक्कल पुरी होताच संगणक बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि नवी तिच्या जागी बसवावी. दोन्ही जोडलेल्या ठेवून संगणक सुरू करू नये, कारण दोघींची ओळख एकच असते आणि संगणकाचा गोंधळ उडतो. नवी चालली नाहीच, तर जुनी परत बसविता येते व दुसऱ्या दिवशीचे काम अडत नाही.

येथवर आल्यावर अनेकांची निराशा होते, कारण ५०० जीबीची डिस्क १२० जीबीचीच दिसते. उरलेली जागा हरवलेली नसते, ती कोणत्याही भागास जोडलेली नसते इतकेच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी विभाग वाढविता येतो. मध्ये दुरुस्तीसाठी राखलेला छोटा विभाग आडवा आला, तर हे साधन चालत नाही. मग जीपार्टेडसारख्या प्रोग्रामने तो विभाग शेवटास सरकवावा लागतो.

जुनी डिस्क लगेच पुसू नये, दुरुस्ती करणाऱ्यासही देऊ नये. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक तीवर असतात, आणि साध्या फॉरमॅटने ते खरोखर नाहीसे होत नाहीत. वार्षिक निकाल लागेपर्यंत, काढल्याची तारीख लिहून, ती मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावी आणि दोन्ही डिस्कची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात करावी.