तोफा मागे, तोफा सोबत



दोन सेनापतींच्या वैराच्या गोष्टीत शेवटी एक जण मारला जातो किंवा परागंदा होतो. आज मी ज्या दोघांविषयी बोलणार आहे, त्यांच्यात असं काही झालं नाही. एकाने दुसऱ्याला दोनदा पुरता कोंडला आणि दोन्ही वेळा तह करून सोडून दिला. कोंडणारे थोरले बाजीराव पेशवे, कोंडला गेलेला निजाम-उल्-मुल्क.

दोघांची पहिली भेट 1721 च्या जानेवारीत चिखलठाणला झाली. बाजीराव तेव्हा वीस वर्षांचे, आणि निजाम पन्नाशीला टेकलेला. औरंगजेबाच्या चाकरीत मुरलेल्या या माणसाला मराठ्यांची लढण्याची तऱ्हा कुणी शिकवायला नको होती. पुढे तीन वर्षांनी साखरखेर्ड्याला निजामाने बादशाही सरदार मुबारिझखानाचा मोड केला, तेव्हा मराठी फौज निजामाच्याच बाजूने होती. तेव्हा, निजाम मूर्ख होता म्हणून हरला, असं आपल्याकडे जे सांगतात ते मला पटत नाही.

1727 मध्ये त्याने डाव टाकला. छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरल्याशिवाय चौथाई कुणाला द्यायची, असं म्हणून त्याने वसुली अडवली. भाऊबंदकीत पंच होऊन बसायचं! बाजीराव पावसाळा सरायच्या आतच निघाले. जालन्याकडे धामधूम केली, बऱ्हाणपूरवर चालून जात असल्याची हूल दिली आणि खानदेशातून थेट गुजरातेत उतरले. निजाम काही अंतर मागे धावला, मग कंटाळला आणि पुण्यावर गेला. पुणं त्याने घेतलंही. शाहू महाराज पुरंदरावर होते. दुसरा कुणी असता तर पुणं सोडवायला धावत आला असता. बाजीराव आले ते औरंगाबादच्या रोखाने.

आता निजामाला घर वाचवणं भाग पडलं. घाई करायची तर जड तोफा ओढत नेता येत नाहीत. म्हणून तोफा मागे राहिल्या. 1728 च्या फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ मराठी स्वारांनी त्याला घेरलं. दाणा बंद, वैरण बंद, आणि मुख्य म्हणजे पाणी बंद. उन्हाची तलखी वाढू लागलेली, छावणीत हजारो घोडी, बैल, हत्ती. पाणी तोडलं की तलवार उपसायचं फारसं कारण उरत नाही. मुंगी-शेवगावला 6 मार्चला तह झाला. दक्षिणेतली शाहूंची चौथाई-सरदेशमुखी निजामाने मान्य केली.

जाता जाता सांगतो, पालखेड म्हटलं की पुष्कळांना दिंडोरी तालुक्यातलं धरण आठवतं. लढाईचं पालखेड ते नव्हे. हे वैजापूर तालुक्यातलं.

बाजीरावांचं चित्र काढायला निजामाने चितारी पाठवल्याची एक आख्यायिका आहे. चितारी चित्र घेऊन आला, त्यात घोड्यावरचा एक स्वार, खांद्यावर भाला, लगाम सैल, आणि दोन्ही तळहातांवर कणीस चोळून दाणे तोंडात टाकतोय. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण त्या तळहातात सगळं युद्धशास्त्र आहे. ज्याचा मुदपाकखाना शेतात उभा आहे, त्याला बाजारबुणगे कशाला? आणि पालखेडची लढाई फेब्रुवारीतली. शाळूच्या कणसांचे दिवस.

निजाम पालखेड विसरला नाही. 1737 मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आल्यावर बादशहाने त्यालाच बोलावून आणलं आणि मराठ्यांवर धाडलं. या वेळी त्याने तोफा मागे ठेवल्या नाहीत. भक्कम तोफखाना घेऊन तो माळव्यात आला. आणि त्या तोफांनीच त्याला भोपाळला जखडलं! मराठे चहूबाजूंनी घिरट्या घालत, जवळ आले की तोफा धडाडत, म्हणून ते जवळ येत नसत, आणि तोफा सोडून बाहेर पडायची निजामाची छाती नव्हती. बाहेर निघून पाहिलं, पण तोफांच्या आडोशाने सरकणारी फौज दिवसभरात असं किती अंतर तोडणार? मदत यायची ती दक्षिणेतून, मुलगा नासिरजंग आणणार होता. बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा तापीकाठी वरणगावला वाट अडवून बसले होते.

तोफा मागे टाकल्या तेव्हा अडकला, सोबत आणल्या तेव्हाही अडकला. चूक तोफांची नव्हती. दोन्ही वेळा कुठे लढायचं ते बाजीरावांनी ठरवलं होतं.

मग त्याला संपवला का नाही? हा प्रश्न हमखास विचारतात. तोफखान्याच्या कोटावर स्वार घालायचे म्हणजे माणसं कापून घ्यायची, आणि तो कोट फोडण्याजोग्या मोठ्या तोफा बाजीरावांजवळ नव्हत्या. हिशेबी माणूस होता तो. 1738 च्या जानेवारीत दोराहा सराईला निजामाने लिहून दिलं: सगळा माळवा, नर्मदा-चंबळेमधला मुलूख आणि बादशाही खजिन्यातून पन्नास लाख मिळवून देण्याचं वचन. वचन निजामाचं, खजिना बादशहाचा!

दोघे रणांगणात पुन्हा समोरासमोर आले नाहीत. 1740 च्या आरंभी गोदावरीकाठी बाजीरावांना तोंड दिलं ते नासिरजंगाने. तह पुन्हा मुंगीलाच, पैठणशेजारी. त्यात मिळालेल्या हंडिया-खरगोणच्या मुलखाकडे बाजीराव गेले आणि 28 एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडीला त्यांचा अंत झाला. वय पुरतं चाळीसही नव्हतं. सत्तरीकडे झुकलेला निजाम तेव्हा दिल्लीत होता, आणि दक्षिणेत परतून त्याला आता बाजीरावांशी नव्हे, स्वतःच्या मुलाशीच लढायचं होतं.