आकड्यातली बाई

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



१ डिसेंबर २०२४ रोजी सरसंघचालक मोहन भागवत यांनी याच नागपुरात एका भाषणात सांगितलं की जननदर २.१ च्या खाली गेला तर समाज नष्ट होतो. म्हणून दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत. त्याआधी अनेक वर्षं आपण उलटं ऐकलं होतं. महाराष्ट्रात २००५ च्या नियमांनी तिसऱ्या मुलापायी सरकारी नोकरीचं दार बंद केलं. आदेश बदलला, पण हिशेब मांडला जातो तो बाईच्याच कुशीवर. तेव्हा हा आकडा तयार कसा होतो, ते आपण समजून घेऊ.

जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षाला होणारे जन्म. त्या हजारात पुरुष, म्हातारी माणसं, लहान मुलं सगळीच असतात. एकूण जननदर फक्त १५ ते ४९ वयाच्या बायकांवरून काढतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. हजार बायकांमागे वर्षाला १५-१९ वयात ४० मुलं, २०-२४ मध्ये १५०, २५-२९ मध्ये १००, ३०-३४ मध्ये ४०, ३५-३९ मध्ये १० आणि पुढे नगण्य. बेरीज ३४०. प्रत्येक गट पाच वर्षांचा, म्हणून गुणिले पाच : १७००. म्हणजे एका बाईमागे १.७.

पण ही बाई आहे कोण? आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी नव्हे, पन्नाशीची बाईही नव्हे. वेगवेगळ्या वयाच्या बायका जोडून कागदावर उभी केलेली ती बाई आहे. मुलींची लग्नं लांबली, पहिलं बाळंतपण पुढे गेलं, तर त्या काळात हा दर खाली दिसतो. म्हणून त्या बायकांना शेवटी कमीच मुलं होतील असं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७. तरी लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण तरुण वयाच्या बायकांची संख्याच मोठी आहे.

आता २.१ कडे पाहू. आईच्या जागी एक मुलगी यावी आणि ती स्वतः आई होण्याच्या वयापर्यंत जगावी, एवढाच त्याचा अर्थ. मुलगे थोडे जास्त जन्मतात, काही मुली लवकर दगावतात, म्हणून दोनवर हा थोडा भाग. जिथे मुली गर्भातच मारल्या जातात, तिथे २.१ सुद्धा पुरत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. समाजाची काळजी असणाऱ्यांनी आधी या आकड्याबद्दल बोलावं.

आणखी एक आकडा भाषणांत येत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० निघाला, पण बायकांना हवी होती तेवढीच मुलं झाली असती तर तो १.६ असता. म्हणजे आजही नको असलेली बाळंतपणं होताहेत. आणि ती टाळण्याचा भार? देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्के बायकांची शस्त्रक्रिया झालेली; पुरुष नसबंदी अर्धा टक्कादेखील नाही.

सरासरीवरून समाजाची स्थिती कळते. एकेका बाईने काय करावं, हे सरासरी सांगू शकत नाही. म्हणून वस्तीत, ग्रामसभेत कुणी २.१ म्हणालं, की विचारा : मुली किती जगल्या? बाईला काय हवं होतं? पाळणाघर आहे का? पुरुषाची जबाबदारी किती? 'दोनच' आणि 'तीन हवीत', दोन्ही आदेशांना आपलं उत्तर एकच : मूल कधी, किती, की नकोच, हे ती ठरवील.