मदतीच्या हातांना ज्ञानाची जोड



विद्यापीठाची पदवी ही एका विषयातील अधिकाराची साक्ष असते, आणि अधिकार आला की त्याची सीमाही आलीच. म्हणूनच पूल अभियंत्याने बांधावा, खटला वकिलाने लढवावा आणि रुग्ण डॉक्टरने तपासावा ही श्रमविभागणी आधुनिक समाजाने मान्य केली आहे. मात्र काही प्रसंगी पहिली पाच-दहा मिनिटे अशी असतात की त्यांत तज्ज्ञ पोहोचूच शकत नाही, आणि जो कोणी शेजारी उभा असेल त्याच्या हातून जे घडेल किंवा घडणार नाही, त्यावर पुढच्या साऱ्या उपचारांचे फलित अवलंबून राहते. प्रथमोपचार, म्हणजे वैद्यकीय मदत येईपर्यंत जीव टिकवून धरण्याची आणि इजा वाढू न देण्याची पद्धत, हे या मिनिटांचे शास्त्र होय. ते एका विद्याशाखेच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच ते प्रत्येक विद्याशाखेच्या स्नातकाला आले पाहिजे.

वेळेचे हे गणित हृदयक्रिया अकस्मात बंद पडण्याच्या प्रसंगात सर्वांत कठोरपणे दिसते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते आणि रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो; हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र रक्ताभिसरणच थांबते, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी महानगरातील वाहतूक कोंडीतून किंवा घाटातल्या वळणांवरून ती एवढ्या अवधीत पोहोचेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. १९६० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या संशोधकांनी छाती न उघडता केवळ बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण काही काळ चालू ठेवता येते हे दाखवून दिले, आणि आज सीपीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराचा पाया घातला गेला. या तिघांतील ज्येष्ठ संशोधक कौवेनहोवेन हे वैद्यकाचे नव्हे, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, हे आजच्या पदवीदान समारंभात आवर्जून नोंदवण्याजोगे आहे.

सीपीआरची कृती अवघड नाही, परंतु ती नेमकी असावी लागते. प्रौढ रुग्णाला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून, छातीच्या मधोमध असलेल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून, त्यावर दुसरा हात ठेवून आणि कोपरे ताठ धरून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने द्यावा लागतो; प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, कारण त्याच क्षणी हृदयात पुन्हा रक्त भरते. अशा रुग्णाला अधूनमधून आचके येतात आणि बघणारे 'श्वास चालू आहे' असे समजून थांबतात. वस्तुतः बेशुद्ध माणसाचे असे तुटक आचके म्हणजे श्वसन नव्हे, आणि हा एक भेद ठाऊक असणे वा नसणे यावर एखाद्याचे जगणे ठरू शकते.

आपल्या समाजात मदतीची इच्छा उणी आहे असे म्हणता येत नाही. उणीव असते ती ज्ञानाची, आणि ज्ञानाविना केलेली मदत कित्येकदा अपायच करते. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवणे, त्याच्या दातांत चमचा घालणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे, भाजलेल्या जागी टूथपेस्ट किंवा हळद लावणे, सर्पदंशाच्या जागी ब्लेडने चिरा देऊन वर करकचून दोरी बांधणे, हे सारे प्रकार जिव्हाळ्यापोटीच घडतात. फिट आलेल्याला कुशीवर वळवून जवळपासच्या टणक वस्तू दूर करणे, भाजलेला भाग सुमारे वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सतत दाबून धरणे, आणि नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचा दंश झाल्यास तो अवयव हलू न देता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचवणे, हे योग्य उपचार तितकेच साधे आहेत.

तरीही माणसे बघ्याची भूमिका का घेतात, याची दोन कारणे स्पष्ट आहेत. पहिले मानसशास्त्रीय आहे: डार्ली आणि लाताने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांनी फिट आल्याचा बहाणा करणाऱ्यासाठी मदत मागितली, तर आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर घसरले, कारण जबाबदारी अनेकांत वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही. दुसरे कारण पोलीस चौकी आणि कोर्टकचेरीचे भय हे होय. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात जखमीवर तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले, २०१६ साली मदतकर्त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४ अ नुसार, अपघातग्रस्ताला सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणारा नागरिक दिवाणी व फौजदारी कारवाईपासून सुरक्षित झाला. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली हे ध्यानात घेतले, तर या तरतुदीची माहिती घरोघरी पोहोचणे किती निकडीचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कायद्याने भय दूर होते, पण हात शिक्षणानेच तयार होतात, आणि डेन्मार्कचा अनुभव त्याचा पुरावा आहे. शाळांत आणि वाहनपरवान्यासाठी सीपीआरचे प्रशिक्षण आवश्यक करण्यासह अनेक उपाय तेथे योजले गेले. त्या काळात, म्हणजे २००१ ते २०१० या दशकात, रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडलेल्यांना आसपासच्या माणसांनी सीपीआर देण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेले, आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर पोहोचले. या वाढीचे सारे श्रेय एका उपायाला देता येणार नाही, परंतु सामान्य नागरिक शिकला की त्याचे वागणे बदलते, एवढे त्यातून निश्चित होते.

आजच्या स्नातकांतून उद्याचे शिक्षक, अधिकारी, उद्योजक आणि लोकप्रतिनिधी घडणार आहेत. भारतीय रेडक्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स यांसारख्या संस्था सामान्य नागरिकांना प्रथमोपचाराचे शिक्षण देतात. ते प्रत्येक स्नातकाने स्वतः घ्यावे, हाताचा सराव सुटू नये म्हणून ठरावीक काळाने त्याची उजळणी करावी, आणि ज्या शाळेत, कचेरीत, कारखान्यात किंवा ग्रामपंचायतीत त्याचा शब्द चालेल तेथे ते इतरांना मिळेल अशी व्यवस्था करावी. समाजाच्या पैशावर आणि विश्वासावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाकडून ज्याने विद्या घेतली, त्याने संकटातल्या अनोळखी माणसापुढे रिकाम्या हातांनी उभे राहू नये, एवढी अपेक्षा रास्तच आहे.