सीटमागची पेटी

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंबेडकरी गाण्यावर बोला, असं तुम्ही मला सांगितलंय. असल्या विषयावर बोलायला लागलं की माणूस हमखास हवेत जातो. चळवळ, क्रांती, सांस्कृतिक आघाडी, टाळ्या. मी आज डांबरावरचं बोलणार. भिंगारला एक ड्रायव्हर आहे. ट्रक चालवतो, पेटी वाजवतो, गातो आणि स्वतः गाणी करतो. त्याचा २०२४ चा उन्हाळा तुमच्यापुढं ठेवतो. नाव सांगणार नाही. ट्रक त्याचा नाही. नाव छापलं तर मालक दुसऱ्या दिवशी चावी काढून घेईल.

भिंगार म्हणजे नगरला खेटून असलेलं कॅन्टोन्मेंटचं गाव. नगर आता कागदावर अहिल्यानगर झालंय, ड्रायव्हरच्या तोंडी अजून नगरच. जवळच रणगाड्यांचं शिक्षण देणारं लष्कराचं केंद्र, जवळच वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था. यंत्राची एवढी अक्कल अंगणात, आणि आमच्या माणसाच्या केबिनमध्ये मे महिन्यात इंजिनाची धग गुडघ्यावर येते. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची केलीय. जुन्या गाडीला नाही. आणि आपल्या हातात गाडी कुठली येते? जुनीच.

एप्रिलातला त्याचा दिवस असा. दुपारी नेप्तीच्या मार्केटात कांदा भरायचा. हमाल गोण्या टाकतात, हा हौद्यात उभा राहून थर बघतो. थर चुकला की घाटात वळणावर गाडी एका अंगाला ओढते. ताडपत्री, दोर, बिल्टी. अंधार पडला की कल्याण रस्ता धरायचा. आळेफाटा, माळशेज, मुरबाड, पहाटे वाशी. तिथं नंबर लागेस्तोवर गाडीखाली पडायचं. माल उतरला की वाराईवरनं हुज्जत. परतीचं भाडं मिळालं तर मालक हसतो, नाही मिळालं तर आईबहीण. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. पेपरवाल्यांनी शेतकऱ्यावर रकाने भरले, व्यापाऱ्यावर भरले. ज्याचा भत्ता खेपेवर ठरतो त्याच्यावर एक ओळ नाही.

आता कायदा ऐका. त्या उन्हाळ्यात मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ सालचा कायदा लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. झकास. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक किन्नर, असा मालक कायद्याच्या जाळीतून सुळकन खाली. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "आठ तासांत मी माळशेज तरी उतरन का?"

पेटी असते सीटमागं, गोधडीत गुंडाळलेली. धुळीनं सूर चिकटतात, उन्हानं लाकूड तडकतं, भात्याला चीर पडते. मग घरी का ठेवत नाही? कारण घरी जायलाच मिळत नाही. खेप संपली की तसाच कार्यक्रमाला. चौदा तास स्टिअरिंग धरलेली बोटं पट्ट्यांवर पडायला तयार नसतात. मग तो बादलीभर पाण्यात दोन्ही हात बुडवून बसतो. तिकडं ढोलकीवाला पानाला ताण देत असतो आणि गावातली पोरं माइकवर हॅलो हॅलो करत असतात.

शहरात आपली जयंती १४ एप्रिलला असते. खेड्यात ती मे संपेपर्यंत चालते. पुण्या-मुंबईतली शहाणी माणसं हसतात, "अजून जयंती चाललीय?" हो, चाललीय. कारण ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय घरी येत नाहीत. पाथर्डी, जामखेड, पलीकडं बीड. अर्धी वस्ती फडावर असताना जयंती कुणाची करायची? मुकादमाची? शिवाय १४ तारखेला नावाजलेली पार्टी परवडत नाही. म्हणून वस्ती आपली तारीख आपण ठरवते. कांद्याची खेप आणि उसाचा हंगाम, या दोन्हीच्या फटीत आपलं गाणं वाढतं.

आपण काय सांगत असतो? बाबासाहेबांनी भीमराव कर्डकांच्या एका जलशाला आपल्या दहा सभांच्या तोलाचं मानलं. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, मुंबईत गिरणीत राबला, मोठेपणी अक्षरं शिकला आणि पिढ्या जागवल्या. खरं आहे. पण जलशाला दहा सभांची किंमत द्यायची, आणि जलसेवाल्याला? नारळ, शाल आणि "दादा, डिझेलचं तुम्हीच बघा." गावकीच्या कामाला एके काळी भाकरतुकडा मिळायचा. ती वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. आपल्याच मंडपात ती परत आणू नका.

बिदागीचं सोडा, वेळेचं बघा. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, ते दिवस मोठ्या सणांच्या वाट्याला. वस्तीची जयंती मे महिन्यातल्या आडदिवशी. हा गाडी खाली करून नऊला पोचतो, साडेनऊला सूर जुळतो, दहाला पोलीस हजर. नियम सगळ्यांना सारखा असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. तो कुठं घड्याळाप्रमाणं चालतो आणि कुठं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी माइक बंद झाल्यावर तो तसाच, उघड्या गळ्यानं, काळी चारात गायला. बाया पुढं सरकून बसल्या. डीजेवर नाचणाऱ्या पोरांनी डीजेला हे करायला सांगून बघावं.

भीतीचंही बोललं पाहिजे. हा नगर जिल्हा आहे. खर्डा याच जिल्ह्यात. २८ एप्रिल २०१४ ला तिथं सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारलं, आणि २०१७ मध्ये कोर्टात आरोपी सुटले. शिर्डी याच जिल्ह्यात. मे २०१५ मध्ये नर्सिंग शिकणारा आपला पोरगा लग्नाला आला होता, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून त्याचा जीव घेतला. एका गाण्यावरून! मनमाड रोडनं जाताना आमचा ड्रायव्हर केबिनमधला टेप कमी करतो का, असं मी विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "येकटा आसलो की नाय करीत. किन्नर लहान हाय, त्यो संगं आसला की करतो." याला भेकड म्हणणारानं आधी रात्री दोन वाजता एखाद्या ढाब्यावर आपला रिंगटोन वाजवून दाखवावा.

आणि त्याच उन्हाळ्यात निवडणूक. १३ मे २०२४ ला नगर आणि शिर्डी, दोन्हीकडं लोकसभेचं मतदान. त्याआधी एका उमेदवाराची माणसं भिंगारला आली. कोणता पक्ष ते विचारू नका, सगळेच येतात. म्हणाली, तुझं ते गाणं लई चालतं, भीमाच्या जागी साहेबांचं नाव टाक आणि रेकॉर्ड करून दे. देऊ केलेले पैसे महिन्याच्या भत्त्याहून जास्त. घरात पोरीच्या फीचा विषय चालू होता. यानं काय केलं? म्हणाला, चाल घ्या, चाल मी सिनेमातूनच उचललीय. पेटीवर बसतो, त्याचे पैसे द्या. शब्द दुसऱ्याकडून लिहून घ्या, माझ्या शब्दातलं नाव निघणार नाही. दोन रात्री पेटी वाजवली, अर्धेच पैसे मिळाले, फी भरली. इकडं लगेच कुजबुज सुरू, विकला गेला म्हणून. कुजबुजणारांत पगारी नोकरीवाले जास्त होते. माझ्या मते त्यानं हात भाड्यानं दिले, तसे तो रोजच देतो. गाणं दिलं नाही. तुम्हाला पटत नसेल तर नंतर भांडा माझ्याशी.

आता कामाचं. पार्टीला बोलावलं तर बिदागी आधी हातात द्या. खेप बुडते तिचा भत्ता त्यात धरा. गाणं घेतलं तर खाली करणाराचं नाव आणि तारीख घाला. कॅसेटच्या काळात आपल्या किती माणसांची गाणी दुसऱ्याच्या नावानं फिरली, ते जुन्या गायकांना विचारा.

त्याची गाणी आहेत खेपांच्या हिशेबाच्या वहीत. एका पानावर डिझेल, टोल, पंक्चर, वाराई, मागच्या पानावर कडवं. त्या उन्हाळ्यातली आठ गाणी मोजली मी. चार त्यानं मला उतरवून घेऊ दिली, ती संपादकांकडं दिलीत. उरलेली चार दिली नाहीत. म्हणाला, "आंदी वस्तीवर म्हणून बघतो. बाया उठून गेल्या तर फाडून टाकीन."